मेट्रो, ट्राम, बीआरटी की साधी बस: खर्च-कमाईची तुलना करताना आधी वही कुणाची ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की हाँगकाँग आणि टोकियोची मेट्रो नफ्यात, लंडनची बऱ्यापैकी खर्च काढणारी, अमेरिकेतली शहरं कायम सबसिडीवर आणि लक्झेंबर्गने तर तिकीटच बंद केलेलं, मग यातली चांगली चालवलेली सिस्टीम कुठली, आणि नव्याने काही उभं करायचं झालं तर मेट्रो, ट्राम, बीआरटी (म्हणजे स्वतःच्या वेगळ्या लेनमधून धावणारी जलद बस), साधी बस यातलं पैशाच्या हिशेबाने काय परवडतं. सोबत तुम्ही टेबल दिलंय त्यात तीन कॉलम आहेत, शहराचं नाव, तिकिटातून खर्चाचा किती टक्के भाग निघतो तो आकडा, आणि त्यावरून लावलेला नंबर. मी या क्षेत्रात पैशाच्या बाजूलाच सगळी नोकरी काढलीय, शेड्यूल, टेंडर, भाडेवाढीचे प्रस्ताव, कर्जाचे हप्ते हेच रोजचं काम, म्हणून सरळच सांगतो, तिसरा कॉलम खोडून टाका. दुसरा राहू दे, पण तुम्ही लावलाय तो त्याचा अर्थ नाहीये.

तो टक्का, ज्याला आम्ही फेअरबॉक्स रिकव्हरी म्हणतो, मुख्यतः दोन गोष्टी सांगतो. एक, हिशेबाच्या वहीत कुठला खर्च धरलाय आणि कुठला दुसऱ्याच्या वहीत ढकललाय. दोन, गाड्या किती भरून धावतात. मॅनेजमेंट हुशार की ढिसाळ हे त्यानंतर कुठेतरी येतं, आणि नुसत्या त्या टक्क्यावरून ते ओळखता येत नाही.

पहिल्या मुद्द्यापासूनच सुरू करतो कारण सगळा घोळ तिथे आहे. बसचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत बस विकत घ्यायला फेडरल सरकारकडून ८०-८५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं, आणि फेअरबॉक्सचा टक्का काढताना खाली फक्त चालवण्याचा खर्च घेतात, म्हणजे पगार, डिझेल, मेंटेनन्स, ऑफिस वगैरे. बसची किंमत त्यात येतच नाही. लंडनमध्ये रूटवार टेंडर निघतं, खाजगी कंपनी बोली लावते आणि त्या बोलीतच बसचा हप्ता, डेपोचा खर्च, कंपनीचा नफा सगळं धरलेलं असतं, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेच्या बस खर्चात गाडीची किंमत आपोआप मिसळलेली असते. आता अमेरिकेचा आणि लंडनचा टक्का शेजारी शेजारी ठेवून लंडनची बस महाग पडते असं कुणी म्हटलं तर काय बोलायचं? दोन्ही आकडे खरे आहेत, पण मोजलेली गोष्टच वेगळी आहे.

मेट्रोचं तर अजूनच अवघड. टोकियो मेट्रो ही कंपनी आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजारात पण आली, तिच्या ताळेबंदात घसारा आहे, व्याज आहे, आणि ते सगळं भरून नफा आहे. सिंगापूरमध्ये रूळ, बोगदे आणि आता गाड्या पण सरकारी लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीच्या मालकीच्या, चालवणारी कंपनी लायसन्स फी देते, त्यामुळे ऑपरेटरच्या वहीत बोगद्याचा खर्च शोधून सापडणार नाही. आणि बस ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता तर कुठल्याच बस कंपनीच्या वहीत नसतो, तो बांधकाम खात्याचा. म्हणजे टोकियोसारखी मेट्रो स्वतःचा रस्ता स्वतःच्या खर्चाने बांधते आणि बसला तो आयता मिळतो, आणि मग लोक म्हणतात बघा बस किती स्वस्त. स्वस्त आहेच, पण दिसते तितकी नाही.

वरच्या बाजूला, म्हणजे कमाईत पण हेच चालतं. सीनियर सिटिझन, विद्यार्थी यांना सवलत दिली की सरकार त्याची भरपाई देतं (किंवा देत नाही), ती भरपाई काही ठिकाणी तिकिटाच्या कमाईत मोजतात, काही ठिकाणी सबसिडीत. सोलमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांना १९८४ पासून सबवे फुकट आहे. तेव्हा म्हाताऱ्या लोकांचं प्रमाण अगदी कमी होतं, आता देशच म्हातारा होत चाललाय, आणि सोल मेट्रो वर्षानुवर्षं म्हणतेय की हा निर्णय केंद्राचा आहे तर पैसे पण केंद्राने द्यावेत. तो वाद जसा सुटेल तसा सोलचा टक्का वर-खाली होईल, तेवढ्याने गाड्या चालवण्यात काडीचाही फरक पडणार नाही.

आता हाँगकाँग, कारण प्रत्येक चर्चेत त्याचं नाव येतंच. तिथली मेट्रो चालवणाऱ्या एमटीआर कॉर्पोरेशनचा टक्का कोविडच्या आधी बरीच वर्षं १०० च्या वर होता हे खरं, आणि त्यात गर्दीचा वाटा मोठा, शहर एवढं दाट आहे की गाड्या दोन्ही दिशांना आणि दिवसभर भरतात. पण नवीन लाइन बांधायचा पैसा तिकिटातून आलेला नाही. सरकार स्टेशनच्या वरची आणि आजूबाजूची जमीन डेव्हलप करायचा हक्क एमटीआरला देतं, आणि त्याचा प्रीमियम, म्हणजे जमिनीची किंमत, लावतं रेल्वे यायच्या आधीच्या भावाने. रेल्वे आली की भाव चढतो, मधला फरक डेव्हलपरबरोबर वाटून एमटीआरच्या खिशात. म्हणजे ही सरळ सरळ सरकारी मदतच आहे, फक्त रोख नाही, जमिनीच्या रूपात. आणि कंपनीत सुमारे ७५ टक्के शेअर सरकारचेच, त्यामुळे डिव्हिडंडचा मोठा भाग परत सरकारकडे. माझ्या मते ही उत्तम रचना आहे, पण ती उचलून दुसरीकडे लावायची तर जमीन सरकारच्या ताब्यात पाहिजे, बाजारभाव चढता पाहिजे आणि रेल्वे कंपनीला बिल्डरचं काम पण जमलं पाहिजे. तीनपैकी एक जरी नसलं तरी नुसतं हाँगकाँग मॉडेल हाँगकाँग मॉडेल म्हणून उपयोग नाही. जपानमध्ये तर हे शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं, ओसाकाजवळ हानक्यू रेल्वेच्या इचिझो कोबायाशीने रुळाच्या एका टोकाला घरांचे प्लॉट विकले, दुसऱ्या टोकाला डिपार्टमेंट स्टोअर काढलं, म्हणजे गाडी सकाळी पण भरलेली आणि दुपारी पण. शिवाय तिथे नोकरदारांचा मासिक पास बहुतेक कंपन्याच भरतात, हा मुद्दा टेबलात कधीच दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट, तुमच्या टेबलात 'प्रति प्रवासी खर्च' असा एक कॉलम वाढवायचा विचार तुम्ही लिहिलाय. वाढवा, पण प्रवासी म्हणजे काय ते आधी ठरवा. अमेरिकेच्या आकडेवारीत गाडीत चढलं की एक प्रवासी मोजतात, म्हणजे एखादी बाई बस, मग मेट्रो, मग पुन्हा बस अशी ऑफिसला गेली तर तीन. दुसरीकडे कुठे कार्डाचा सगळा प्रवास जोडून एकच मोजतात. आणि अंतराचं काय? गावात अडीच किलोमीटर जाणारा ट्रामचा प्रवासी आणि वीस किलोमीटर लांबून येणारा उपनगरी रेल्वेचा प्रवासी यांना एकाच मापाने मोजलं तर ट्राम नेहमी स्वस्त दिसणार. प्रवासी-किलोमीटर हे माप जास्त प्रामाणिक, पण त्यातही खोट आहे, ते लांबच्या प्रवासाला झुकतं माप देतं आणि शहर पसरलेलं असलं की आकडा उगाच सुंदर दिसतो. मी दोन्ही बाजूबाजूला ठेवतो आणि तिसरा म्हणून गाडी-तासाचा खर्च घेतो, म्हणजे एक गाडी रस्त्यावर एक तास ठेवायला किती पडतात, कारण पैसा खरोखर तासावर जातो, किलोमीटरवर कमी.

हे जरा सविस्तर सांगतो कारण पुस्तकी तुलनेत हे सुटतं. समजा एक बस रूट आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ५० मिनिटं लागतात, प्रत्येक टोकाला १० मिनिटं थांबा, म्हणजे पूर्ण फेरी १२० मिनिटांची. दर ६ मिनिटांनी बस द्यायची तर १२० भागिले ६, म्हणजे २० बस लागणार. आता ट्रॅफिक वाढला आणि ५० ची ६२ मिनिटं झाली, फेरी १४४ मिनिटं, बस लागणार २४. प्रवासी तेवढेच, तिकीट तेवढंच, किलोमीटर सुद्धा तेवढेच, पण चार बस आणि त्यांचे ड्रायव्हर जास्तीचे, आणि एक बस सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायची तर रजा-सुट्ट्या धरून अडीच-तीन ड्रायव्हर लागतात हे लक्षात घ्या. उलट बसची लेन वेगळी केली, सिग्नलला प्राधान्य दिलं आणि ५० ची ४० मिनिटं झाली तर फेरी १०० मिनिटं, १७ बसमध्ये काम भागतं. म्हणजे २४ आणि १७, एकच रूट, तीच फ्रिक्वेन्सी, खर्चात जवळपास तीस टक्क्यांचा फरक आणि तो सगळा रंगाच्या पट्ट्यावर आणि पोलिसांच्या शिस्तीवर अवलंबून. झ्युरिकने हेच केलं, १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वे नाकारली आणि मग शहराने आहे त्याच ट्रामला आणि बसला सिग्नलवर पहिला मान देत देत सिस्टीम उभी केली. लंडनमध्ये २००३ ला कंजेशन चार्ज, म्हणजे शहराच्या गजबजलेल्या भागात गाडी नेण्याची फी, आला, न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२५ ला, त्याची चर्चा सगळी कारवाल्यांच्या खिशाबद्दल होते, पण बसच्या शेड्यूलवाल्याला त्यात वाचलेली मिनिटं दिसतात.

पीक अवर हा दुसरा खड्डा. गर्दीच्या वेळेची बस खचाखच भरलेली बघून सगळ्यांना वाटतं हीच कमावती. पण सगळा ताफा त्या दोन-तीन तासांसाठी घेतलेला असतो. शेवटची जी बस विकत घेतली ती सकाळी दोन फेऱ्या मारते, दुपारभर डेपोत उभी, संध्याकाळी परत दोन फेऱ्या, आणि तिच्या ड्रायव्हरला एक तर तुटक ड्युटी द्यायची म्हणजे भत्ता आला, नाहीतर पूर्ण पगार देऊन अर्धा दिवस बसवून ठेवायचा. शिवाय एका दिशेला भरून गेलेली गाडी परत येताना रिकामी. हा सगळा खर्च पीकच्या प्रवाशाच्या नावावर टाकला तर तोच सगळ्यात महाग पडतो, आणि दुपारी अर्धी रिकामी धावणारी बस जवळजवळ फुकटात धावतेय असं निघतं. विल्यम विकरी नावाच्या अर्थतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या सबवेसाठी १९५० च्या दशकातच सांगितलं होतं की वेळ आणि अंतर बघून भाडं लावा, कुणी ऐकलं नाही, १९९६ ला त्याला नोबेल जाहीर झालं आणि बिचारा तीन दिवसांनी गेला.

आता मेट्रो की बस हा तुमचा मूळ प्रश्न. इथे एकच आकडा राज्य करतो, पीक अवरला एका दिशेने एका तासात किती माणसं न्यायचीत. समजा ३००० आहेत. साध्या बसमध्ये ७५ धरले तर तासाला ४० बस, दर दीड मिनिटाला एक, जमण्यासारखं आहे. २०,००० असतील तर? अगदी कोंबून ८० धरले तरी २५० बस, दर चौदा-पंधरा सेकंदाला एक, अशक्य, स्टॉपवर रांग लागेल. जोडबस घेतल्या, १६० माणसांच्या, तरी १२५, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक, हे जमतं पण त्यासाठी स्टेशनवर ओव्हरटेकला दुसरी लेन आणि तीन-चार थांबे पाहिजेत. बोगोटाच्या ट्रान्समिलेनिओने डिसेंबर २००० मध्ये हेच करून दाखवलं आणि बीआरटी मेट्रोएवढी माणसं नेऊ शकते हे सिद्ध केलं, पण त्यासाठी मोठे रस्ते आणि ड्रायव्हरची फौज लागते. आणि तेच २०,००० लोक १२०० च्या मेट्रो गाडीत घातले तर तासाला १७ गाड्या, साडेतीन मिनिटांना एक. १२५ ड्रायव्हरच्या जागी १७. तर जिथे पगार जास्त आहेत तिथे मेट्रो लवकर परवडायला लागते आणि जिथे पगार कमी तिथे बस बराच काळ टिकून राहते, हे गणित साधं आहे पण एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या देशात नेताना लोक हमखास विसरतात. ड्रायव्हरच काढून टाकला तर अजून वेगळं, कोपनहेगनची मेट्रो २००२ पासून विनाचालक आहे, पॅरिसची १४ नंबर लाइन १९९८ पासून, आणि तिथली सगळ्यात जुनी १ नंबर लाइन तर चालू ठेवून बदलली आणि २०१२ च्या शेवटी पूर्ण ऑटोमॅटिक केली. फायदा फक्त पगार वाचण्याचा नाही, रात्री दहा वाजता दोन मिनिटांना गाडी द्यायची की सहा मिनिटांना, हा निर्णय जवळपास फुकट होतो.

बांधकामाचा खर्च मात्र या सगळ्यावर बोळा फिरवू शकतो. १००० कोटींचं काम धरा, चलन कुठलंही घ्या, ४० वर्षांत फेडायचं. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता साधारण ५०.५ कोटी, ८ टक्के असेल तर सुमारे ८४ कोटी. बोगदा तोच, गाडी तीच, प्रवासी तेच, पण दुसऱ्या शहराला दर वर्षी दोन-तृतीयांश जास्त भरावं लागणार. म्हणून कर्ज कुणाच्या हमीवर घेतलंय हे मी इंजिनियरच्या ड्रॉइंगच्या आधी बघतो. क्वालालंपूरमध्ये स्टार १९९६ ला आणि पुत्रा १९९८ ला अशा दोन लाइन खाजगी कंपन्यांनी कर्ज काढून सुरू केल्या, प्रवासी अंदाजापेक्षा कमी, वर आशियाई आर्थिक संकट, २००२ मध्ये दोन्ही सरकारला घ्याव्या लागल्या. बँकॉकची बीटीएस स्कायट्रेन १९९९ ला आली, ती पण खाजगी पैशातून, सुरुवातीला गर्दी अपेक्षेच्या खूप खाली आणि २००६ मध्ये कर्जाच्या फेररचनेसाठी कोर्टात. दोन्हीकडे लोक आजही त्याच गाड्यांतून जातात, बुडाली ती कर्जाची मांडणी.

आणि किलोमीटरचा भाव म्हणून काही जागतिक दर नसतो. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू सबवेचा पहिला टप्पा, तीन नवीन स्टेशनं, तीन किलोमीटरपेक्षा थोडा कमीच, खर्च सुमारे ४.५ अब्ज डॉलर, १ जानेवारी २०१७ ला सुरू. स्पेन, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान इथे भुयारी लाइन याच्या कितीतरी पट कमी खर्चात होते. तिथले मजूर फुकट नसतात हो, फरक पडतो तो स्टेशनच्या आकारात, खात्यात स्वतःचे जाणकार इंजिनियर आहेत की सगळं कन्सल्टंटवर सोडलंय यात, आणि मध्येच डिझाइन किती वेळा बदललं त्यात. ट्राम म्हणजे स्वस्त असंही धरून चालू नका, एडिनबरोची ट्राम ३७५ दशलक्ष पौंडांत करायची होती, २०१४ मध्ये ७७६ दशलक्षांत झाली आणि ती पण ठरलेल्यापेक्षा आखूड. लंडनची क्रॉसरेल, म्हणजे शहराखालून आरपार जाणारी रेल्वे, २०१८ ऐवजी २०२२ ला उघडली, १४.८ अब्ज पौंडांची साधारण १९ अब्ज झाली. मोठ्या प्रकल्पांचा अभ्यासक बेंट फ्लिव्हबियर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे बरेच रेल्वे प्रकल्प तपासले होते, सरासरी निघाली ती अशी की खर्च अंदाजापेक्षा ४५ टक्के जास्त आणि प्रवासी अंदाजाच्या निम्मे. आता दोन्ही एकत्र करा, प्रति प्रवासी भांडवली खर्च कागदावरच्या जवळपास तिप्पट! मी कुठलाही मेट्रोचा अहवाल हातात आला की आधी हा तिप्पटवाला हिशेब करून बघतो, त्यातही प्रकल्प उभा राहत असेल तर मग पुढचं वाचतो.

कमाईकडे येतो. भाडेवाढीचा जुना ठोकताळा असा की भाडं १० टक्के वाढवलं तर प्रवासी साधारण ३ टक्के घटतात, म्हणजे कमाई १० नाही, पावणेसातच्या आसपास वाढते. हे पहिल्या वर्षाचं. पुढे लोक दुचाकी घेतात, घर बदलतात, आणि घट हळूहळू जवळपास दुप्पट होते. पण भाडं अडवून ठेवणं त्याहून वाईट, न्यूयॉर्कचा सबवे १९०४ ला पाच सेंटला सुरू झाला आणि १९४८ पर्यंत पाचच सेंट राहिला, दोन महायुद्धांची महागाई मध्ये होऊन गेली, खाजगी कंपन्या खचल्या आणि १९४० मध्ये शहराने त्या विकत घेतल्या. हाँगकाँगने २००७ पासून भाडं फॉर्म्युल्याला बांधलंय, महागाई आणि पगाराचा निर्देशांक धरून, म्हणजे दर निवडणुकीला तमाशा नाही (तरी कुरकुर असतेच).

जाहिरात, दुकानं, स्टेशनचं नाव विकणं, यावर फार आशा ठेवू नका. मीटिंगमध्ये प्रत्येक नवीन साहेब पहिल्या आठवड्यात हीच आयडिया काढतो. जमीन हातात नसेल तर हा आकडा एकूण कमाईत छोटाच राहतो.

खरा पैसा बाहेरून येतो तो कराच्या रस्त्याने. पॅरिस भागात १९७१ पासून मालकांवर पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर आहे, आता ११ किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लागतो, आणि तिथे तिकिटापेक्षा यातून जास्त पैसा येतो. क्रॉसरेलसाठी लंडनने मोठ्या व्यावसायिक जागांवर २०१० पासून जादा कर लावला. बोगोटाने रस्ते आणि स्टेशनं बांधायला पेट्रोलवरचा कर वापरला आणि तिकिटातून बस चालवायच्या असं ठरवलं, सुरुवातीला ते जमलंही, नंतर भाडं खर्चाच्या मागे पडलं आणि शहराला तूट भरायला वेगळा फंड करावा लागला. व्हिएन्नाचा वर्षाचा पास २०१२ पासून २०२५ संपेपर्यंत ३६५ युरोत होता, दिवसाला एक युरो, सगळीकडे त्याचं कौतुक, पण त्याच वेळी पार्किंग फी लागणारा भाग वाढवला होता आणि मालकांकडून दर कामगारामागे आठवड्याला २ युरो मेट्रो कर घेतला जात होता हे कुणी सांगत नाही. नुसता पास स्वस्त करून ते झालेलं नाही.

फुकट प्रवासाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. लक्झेंबर्गने २०२० मध्ये तिकीट बंद केलं तेव्हा तिथे तिकिटातून खर्चाचा दहावा हिस्सा सुद्धा येत नव्हता, त्यामुळे सोडायचं फार काही नव्हतंच, मशीन, तपासनीस, कार्ड सिस्टीम यांचा खर्च पण वाचला. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ मध्ये केलं ते फक्त शहरात नोंदणी असलेल्यांसाठी, त्यात मेख अशी की नोंदणी केली की त्या माणसाच्या आयकराचा वाटा शहराला मिळतो, म्हणजे फुकट बस हे करदाते गोळा करायचं साधन झालं. हुशारीच म्हणायची. पण जिथे ६०-७० टक्के खर्च तिकिटातून निघतोय तिथे हे करायचं म्हणजे तेवढं भगदाड दर वर्षी बजेटमधून भरायचं, आणि ज्या वर्षी बजेट आटलं त्या वर्षी पहिल्यांदा फ्रिक्वेन्सी कापली जाते. लोकांना स्वस्त बसपेक्षा वेळेवर येणारी बस हवी असते, निदान नोकरदारांना तरी. उलट बाजू पण आहे, तिकिटावर जास्त अवलंबून असलेली सिस्टीम कोविडमध्ये आधी कोसळली, लंडनला मे २०२० मध्येच सरकारकडे हात पसरावे लागले.

सबसिडी म्हणजे अपयश असं मात्र मानू नका. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये मांडलेला मुद्दा असा की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की आधीच्या प्रवाशांचा पण थांबण्याचा वेळ कमी होतो, आणि हा फायदा कुणाच्याच वहीत जमा होत नाही. त्यामुळे तिकिटातून पूर्ण खर्च काढायला गेलं तर गरजेपेक्षा कमी फेऱ्यांवर सिस्टीम अडकते. किती सबसिडी हा वादाचा विषय, शून्य हे उत्तर नाही.

तर तुमचं टेबल असं करा. प्रत्येक शहरासाठी तीन वेगळे हिशेब, बांधायचा, चालवायचा, आणि नूतनीकरणाचा. तिसरा कुणी लिहीत नाही, पण बस बारा-पंधरा वर्षांत बदलायची, मेट्रोचे डबे तीस-चाळीस वर्षांत, सिग्नलिंग त्याच्याही आधी, इलेक्ट्रिक बस असेल तर मध्ये एकदा बॅटरी. पुढे प्रत्येक हिशेबासमोर पैसे भरणारा कोण ते लिहा, प्रवासी, शहर, केंद्र, मालक, जमीनदार. मग गाडी-तासाचा खर्च, सरासरी वेग आणि गाडी दिवसभरात सरासरी किती भरते ते. एवढं भरलंत की नंबर लावायची इच्छा आपोआप जाईल.

आणि नवीन काय बांधावं याचं माझं उत्तर हवं असेल तर, पीक अवरला एका दिशेने तासाला ५००० प्रवाशांच्या खाली असाल तर चांगली बस आणि तिला लेन, बाकी काही नको. ५ ते १५ हजारांत बीआरटी किंवा ट्राम, रस्त्याची रुंदी आणि पगार बघून ठरवा. २० हजारांच्या वर आणि ते प्रवासी आजच बसमध्ये लटकून जात असतील, अंदाजपत्रकात नाही, तर मेट्रोचं बोला. मेट्रोचा प्रस्ताव आलाच असेल तर पुढची रंगीत पानं सोडून प्रवासी अंदाजाचं परिशिष्ट आधी उघडा, आणि स्टेशनपर्यंत माणसं आणणाऱ्या फीडर बसचा खर्च कुणाच्या नावावर टाकलाय ते बघा. ते पान सापडलं नाही तर तो खर्च बस कंपनीच्या वहीत जाऊन बसणार, आणि पाच वर्षांनी त्याच कंपनीला तोट्यात का म्हणून विचारलं जाणार.